बेकन-हॅम की बीफचा खिमा? पाकिटावरचे आकडे जुळत नाहीत

निळासमुद्र

न्यू जर्सीत राहतो. घरात आम्ही दोघं आणि दहा वर्षांची मुलगी. न्याहारीला बेकन, मुलीच्या डब्यात हॅम सँडविच आणि रात्री बहुतेक चिकन, असा सध्याचा क्रम आहे. बायकोचं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कमी आलंय आणि माझा रक्तदाब १३५/८५ च्या आसपास असतो. म्हणून बेकन-हॅम कमी करून बीफचा खिमा आणायचा विचार आहे. पण पाकिटं शेजारी ठेवली की हिशेब उलटाच दिसतो.

खिमा (८० टक्के मांस, २० टक्के चरबी): ११२ ग्रॅमला २९० कॅलरी, १९ ग्रॅम प्रथिनं, ७५ मिलिग्रॅम सोडियम.
बेकन: २ पट्ट्या म्हणजे १५ ग्रॅम. ८० कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं, २९० मिलिग्रॅम सोडियम.
हॅमचे काप: ५६ ग्रॅमला ६० कॅलरी, १० ग्रॅम प्रथिनं, ५८० मिलिग्रॅम सोडियम.

शंभर ग्रॅमवर आणलं तर बेकनमध्ये ३३ ग्रॅम प्रथिनं आणि बीफमध्ये फक्त १७. हे खरं आहे का? दुसरं, लोहासाठी बीफ खरंच इतकं सरस आहे का? तिसरं, ‘अनक्युअर्ड’ (म्हणजे न खारवलेलं) असं लिहिलेलं महाग बेकन घेतलं तर खारवताना घालतात त्या नायट्राइटचा प्रश्न मिटतो का? आणि बायको मडगावची असल्यामुळे विचारतो, चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) या सगळ्यात कुठे बसतं?

तराजू

आकडे बरोबर आहेत, पण दोन पाकिटांवर दोन वेगवेगळ्या अवस्थांचं वजन छापलेलं आहे. अमेरिकेत बेकनच्या पाकिटात माल कच्चा असतो, पण पोषणाची चौकट तळून झालेल्या पट्ट्यांची असते. बारीक अक्षरांत ‘पॅन फ्राइड’ लिहिलेलं सापडेल. खिम्याचे ११२ ग्रॅम मात्र कच्चे. म्हणजे एकीकडे पाणी आणि चरबी निघून गेलेला माल, दुसरीकडे तव्यावर जायच्या आधीचा. ही तुलना होऊच शकत नाही.

१०० ग्रॅम कच्चं बेकन तळलं की ३० ते ३५ ग्रॅम उरतं. कच्च्या बेकनमध्ये प्रथिनं १२-१३ ग्रॅमच असतात आणि चरबी ४० ग्रॅमच्या आसपास. तळल्यावर पाणी उडतं, चरबीही बरीच वितळून तव्यात उतरते, आणि उरलेल्या सुक्या तुकड्यात प्रथिनांचं प्रमाण ३३ ते ३७ टक्क्यांवर जातं. मीठ मात्र बहुतेक पट्टीतच राहतं, म्हणून सोडियमही तसंच वर चढतं. खिमा एवढा आटत नाही. ११२ ग्रॅम कच्च्याचे शिजून ८०-८५ ग्रॅम होतात आणि त्या शिजलेल्या खिम्यात १०० ग्रॅममागे २४-२५ ग्रॅम प्रथिनं भरतात.

वजन सोडा, प्रथिनं सारखी धरून बघा. तुमच्याच पाकिटांवरून २० ग्रॅम प्रथिनांसाठी काय लागेल?

खिमा: ११२ ग्रॅम कच्चा, म्हणजे एक बेतशीर वाटी. सुटलेली चरबी ओतून टाकली तर २१० ते २३० कॅलरी पोटात जातात. सोडियम ७५ ते ८०.
बेकन: ८ पट्ट्या. ३२० कॅलरी, सोडियम ११६०. त्यासाठी कच्चं बेकन १८० ग्रॅमच्या आसपास लागतं, म्हणजे १२ औंसाचं निम्मं पाकीट एका माणसाला.
हॅम: ११२ ग्रॅम. १२० कॅलरी, सोडियम पुन्हा ११६०.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. बेकन किंवा हॅम हाच प्रथिनांचा मुख्य स्रोत धरला, तर एका जेवणात तिच्या निम्म्याहून जास्त संपलं. संपृक्त चरबीही बघा. त्या ८ पट्ट्यांत ती ८ ग्रॅमच्या आसपास, चरबी ओतून टाकलेल्या खिम्यात ५-६. हॅममध्ये सगळ्यांत कमी. हॅमची अडचण चरबीची नाहीच, मिठाची आहे.

म्हणून बेकन हे चवीपुरतं घालायचं मांस आहे, पोट भरायचं नाही. एक पट्टी बारीक चिरून फरसबीच्या भाजीत किंवा अंड्यात टाकली तर १४५ मिलिग्रॅम सोडियम जातं आणि चव सगळ्या भांड्याला लागते. ताटात चार पट्ट्या मांडल्या की गणित बिघडतं.

युरोपातून कोणी वाचत असेल तर तिथल्या पाकिटावर सोडियम नाही, मीठ लिहिलेलं असतं. मिठाच्या आकड्याला अडीचने भागलं की सोडियम मिळतं. पार्मा हॅममध्ये १०० ग्रॅमला ४ ग्रॅमहून जास्त मीठ असतं, म्हणजे १६००-१७०० मिलिग्रॅम सोडियम. तो महिनोन् महिने सुकवलेला असतो, त्यामुळे प्रथिनंही २५ ग्रॅमच्या वर जातात. तीन पातळ काप खाणाऱ्याला चालेल, डबाभर नाही.

काळाचहा

तराजूंचा हिशेब पटला, पण बीफला त्यांनी जरा झुकतं माप दिलंय. ७५ मिलिग्रॅम सोडियम हे बिनमिठाच्या मांसाचं. खिमा बिनमिठाचा कोण खातं? अर्ध्या किलो खिम्यात सपाट एक चमचा, म्हणजे ६ ग्रॅम मीठ पडलं तर २३५० मिलिग्रॅम सोडियम झालं. चौघांत वाटलं की माणशी ५९०, त्यात मांसाचं स्वतःचं ८०. म्हणजे ६७०. पाव, चीज, केचप वेगळं. तरी बेकनच्या ११६० पेक्षा कमीच, पण ‘बीफ म्हणजे बिनमिठाचं’ असं समजून कोणी गाफील राहू नये.

फरक इतकाच की इथे मिठाचा चमचा तुमच्या हातात आहे. अर्धा चमचा केला तर माणशी ३८० वर येता. चव कमी पडू नये म्हणून मीठ सुरुवातीला न घालता शेवटी घाला, जिभेला ते जास्त जाणवतं. कांदा नीट लाल होऊ द्या आणि उतरवताना लिंबू पिळा. आंबट वाढलं की कमी मीठ खपून जातं. पोटॅशियमचं पर्यायी मीठ मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

रक्तवर्ण

लोहाबद्दल. शिजलेल्या ८५ ग्रॅम खिम्यात २ मिलिग्रॅमच्या जरा वर लोह असतं. तेवढ्याच हॅममध्ये एक मिलिग्रॅमही भरत नाही, आणि बेकनच्या दोन पट्ट्यांत पाव मिलिग्रॅमही नाही. कारण साधं आहे. मांसाचा लाल रंग मायोग्लोबिनचा, त्याच्या मध्यभागी लोह असतं, आणि गाईबैलांच्या स्नायूंत ते डुकरापेक्षा बरंच जास्त असतं. खारवलेल्या हॅमचा गुलाबी रंग बघून फसू नका. तो नायट्राइटने पक्का केलेला रंग आहे, जास्त लोहाचा पुरावा नाही.

मांसातल्या लोहाचा निम्म्याच्या आसपास किंवा जास्त भाग ‘हीम’ स्वरूपात असतो. त्यातलं १५ ते ३५ टक्के शरीर उचलतं. डाळी-पालेभाज्यांतल्या लोहातलं २ ते २० टक्के, तेही ताटात बरोबर काय आहे त्यावर. म्हणून भारतात २०२० साली जाहीर झालेल्या शिफारशींत प्रौढ बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय आणि अमेरिकेत १८. आपलं जेवण धान्यप्रधान, त्यातलं लोह कमी शोषलं जातं, म्हणून आकडा मोठा. बायकांची शरीरं वेगळी आहेत म्हणून नव्हे.

आता हेही बघा की २ मिलिग्रॅम म्हणजे १८ च्या मानाने थोडंच. नुसत्या बीफने घसरलेलं फेरिटिन भरून निघेल अशी आशा धरू नका. तिथे गोळी लागते, आणि किती, कशी, किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचं. खिम्याचा मोठा उपयोग निराळाच आहे. त्याच जेवणातल्या राजम्याचं, मसुराचं, पालकाचं लोहही मांसामुळे जास्त शोषलं जातं. त्यामुळे २५० ग्रॅम खिम्यात २ वाट्या शिजवलेला राजमा आणि टोमॅटो घालून, वरून लिंबू पिळलेली भाजी ही नुसत्या अर्धा किलो खिम्यापेक्षा तुमच्या घराला जास्त कामाची. चहा-कॉफी जेवणानंतर तासाभराने. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती दुसऱ्या वेळेला, कारण कॅल्शियम दोन्ही प्रकारच्या लोहाला अडवतं.

बाकी पोषणात जस्त बीफमध्ये ५ मिलिग्रॅमच्या आसपास, हॅममध्ये जेमतेम १ ते दीड. बी१२ बीफमध्ये २ मायक्रोग्रॅमच्या वर, म्हणजे दिवसाची गरज (२.४) जवळपास भागली, हॅममध्ये त्याचा पाचवा-सहावा भाग. पण थायमिनमध्ये (बी१ जीवनसत्त्व) डुकराचं मांस स्पष्ट पुढे आहे. ८५ ग्रॅम हॅममध्ये अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास थायमिन मिळतं, रोजच्या गरजेच्या निम्म्याजवळ. बीफमध्ये त्याचा दहावा भागही मिळेल न मिळेल. पण थायमिनसाठी खारवलेलंच खायला हवं असं नाही. डुकराच्या ताज्या मांसात ते मिठाशिवाय मिळतं. पोर्क लॉइनचा (पाठीकडच्या मांसाचा) चरबी काढलेला तुकडा घ्या. हा तिसरा पर्याय लोक विसरतात.

बीफची कलेजी कोणी सुचवेल. लोह आणि बी१२ साठी ती जबरदस्त आहे, पण त्यात जीवनसत्त्व अ फार असतं. १०० ग्रॅममध्ये प्रौढाच्या दिवसाच्या कमाल मर्यादेच्या (३००० मायक्रोग्रॅम) दुपटीहून जास्त. गरोदरपणात ती टाळायची, आणि एरवीही आठवड्यातून एकदा, थोडी.

खारवणी

‘अनक्युअर्ड’ बद्दल. नायट्राइट मिटत नाही. या मालात सेलेरीची भुकटी घालतात. सेलेरीत नैसर्गिक नायट्रेट भरपूर असतं आणि जिवाणूंच्या मदतीने त्याचं नायट्राइट केलेलं असतं. रेणू तोच, काम तेच. पाकिटावर ‘सेलेरीतल्या नैसर्गिक नायट्राइटखेरीज वेगळं घातलेलं नाही’ अशा अर्थाची ओळ असते, ती वाचा. जास्त पैसे द्यायचे तर कमी सोडियमसाठी द्या, या शब्दासाठी नको. नायट्राइट खरंच नको असेल तर पार्मा हॅम आहे. त्यात मांस आणि मीठ एवढंच. पण मीठ किती ते वर आलंय.

नायट्राइट घालतात ते उगाच नाही. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू हवा नसलेल्या जागेत जगातल्या सगळ्यांत घातक विषांपैकी एक तयार करतो. नायट्राइट त्याला रोखतं, चरबी खवट होऊ देत नाही आणि रंग-चव देतं. अडचण पुढे आहे. नायट्राइट आणि प्रथिनांतले अमाइन कडक आचेवर किंवा पोटात एकत्र आले की नायट्रोसअमाइन तयार होतात, आणि त्यांतले बरेच कर्करोगकारक आहेत. म्हणून अमेरिकेत सुयांनी खारं पाणी टोचलेल्या बेकनमध्ये सोडियम नायट्राइट १२० पीपीएम (दहा लाख भागांत १२० भाग) आणि त्याबरोबर ५५० पीपीएम एरिथॉर्बेट किंवा ॲस्कॉर्बेट घालणं बंधनकारक आहे. हा क जीवनसत्त्वाचा भाऊबंद ती अभिक्रिया दाबतो. पाकिटावर ‘सोडियम एरिथॉर्बेट’ दिसलं तर ते घाबरायचं नाव नाही, ते तुमच्याच बाजूचं आहे.

घरी काय करता येतं: बेकन थंड तव्यावर मांडून मग मध्यम आच द्या. सोनेरी झालं, वाकवल्यावर जरा लवलं, की काढा. काळं, करकरीत करू नका. नायट्रोसअमाइन तिथेच वाढतात. मायक्रोवेव्हमध्ये शिजवलेल्या बेकनमध्ये ते तव्यापेक्षा कमी आढळतात, त्यामुळे कागदी रुमालात ठेवून मायक्रोवेव्ह करणं हा आळशीपणा नाही. तव्यात उरलेली चरबी साठवून ठेवायची सवय मोडा. हे पदार्थ त्या चरबीतही उतरतात.

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे. ताजं लाल मांस ‘२ अ’ गटात, म्हणजे बहुधा होतो. गटाचा क्रमांक पुरावा किती भक्कम ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. सिगारेटही पहिल्याच गटात आहे, पण बेकनचा धोका तिच्याएवढा नाही. प्रमाण असं आहे की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता न खाणाऱ्याच्या मानाने १८ टक्क्यांनी वाढते. रोज ५० ग्रॅम म्हणजे हॅमचे दोन काप. तुमच्या मुलीचा डबा नेमका तेवढाच आहे. या धाग्यातल्या सगळ्या आकड्यांत मला हाच जास्त महत्त्वाचा वाटतो.

आणि इथे बीफ सुटलं असं नाही. खारवलेलं बीफ म्हणजे कॉर्न्ड बीफ, पास्ट्रामी, बीफ सलामी, बीफ जर्की हे सगळं त्याच पहिल्या गटात. टर्की बेकनसुद्धा. उलट डुकराचं ताजं मांस बीफसारखंच लाल मांसात मोडतं. प्राणी कोणता यापेक्षा ताजं की खारवलेलं, हा प्रश्न आधी विचारा. ताज्या लाल मांसासाठीही जागतिक कर्करोग संशोधन निधी आठवड्याला शिजलेलं ३५० ते ५०० ग्रॅम ही मर्यादा सांगतो, म्हणजे माणशी चार-पाच वेळा वाटीभर खिमा.

घरी बेकन करण्याबद्दल कोणी विचारायच्या आत सांगतो. घरी केलं म्हणून मीठ कमी होत नाही. १ किलो पोर्क बेलीला (डुकराच्या पोटाकडच्या मांसाला) एकूण २५ ग्रॅम मीठ धरलं तर कच्च्या १०० ग्रॅममागे हजाराच्या आसपास सोडियम झालं, म्हणजे दुकानी मालापेक्षाही जास्त. तरी करायचंच असेल तर किलोला २.५ ग्रॅम क्युअरिंग सॉल्ट नंबर १ (त्यात ६.२५ टक्के नायट्राइट असतं, म्हणजे मांसात १५६ पीपीएम), २० ग्रॅम साधं मीठ, १० ग्रॅम साखर. सगळं ग्रॅमच्या दशांशापर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर मोजून, पिशवीत बंद करून, फ्रिजमध्ये ४ अंशांखाली ७ ते १० दिवस, रोज उलटत. चमच्याने मोजायचं नाही. आणि सगळ्यांत धोक्याची चूक म्हणजे क्युअरिंग सॉल्ट मुद्दाम गुलाबी रंगवलेलं असतं आणि आपल्याकडचं सैंधवही गुलाबीच. दोन डबे कधी शेजारी ठेवू नका. सैंधवाने बेकन खारत नाही, आणि क्युअरिंग सॉल्ट भाजीत पडलं तर माणूस मरू शकतो. नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच बंद करतं.

निळासमुद्र

सगळ्यांचे आभार. पाकिटावर तळलेल्या पट्ट्यांचं वजन असतं हे लक्षातच आलं नव्हतं. डब्याचा मुद्दा लागला. हॅमऐवजी दुकानातलं कापलेलं रोस्ट बीफ दिलं तर? आणि स्वस्त हॅममध्ये पाणी किती असतं हे कळायची काही सोय आहे का?

तराजू

पाणी कळतं. अमेरिकेत हॅमचं नावच त्यावर ठरतं. चरबी वगळून उरलेल्या भागात प्रथिनं किमान २०.५ टक्के असतील तर नुसतं ‘हॅम’. १८.५ असतील तर ‘विथ नॅचरल ज्यूसेस’, १७ असतील तर ‘वॉटर ॲडेड’. त्याहून खाली गेलं की ‘हॅम अँड वॉटर प्रॉडक्ट’ आणि किती टक्के वजन बाहेरून घातलंय ते लिहावं लागतं. खिम्यात पाणी घालायला परवानगी नाही आणि चरबी ३० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. म्हणून भाव किलोचा बघू नका, २० ग्रॅम प्रथिनांचा काढा. ‘वॉटर ॲडेड’ हॅम तेवढं स्वस्त उरत नाही. ते पाणी धरून ठेवायला फॉस्फेटं घातलेली असतात, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना ती साध्या मांसातल्या फॉस्फरसपेक्षा जास्त बाधतात.

दुकानी रोस्ट बीफही बहुतेक खाऱ्या पाण्यात मुरवलेलंच असतं. लेबल न वाचता घेतलं तर हॅम गेलं आणि दुसऱ्या नावाने तेच आलं. घरी करा, सोपं आहे. ‘आय ऑफ राउंड’चा १ किलोचा तुकडा (मागच्या मांडीचं मांस, चरबी नगण्य, स्वस्त). ७ ग्रॅम मीठ, मिरपूड, लसूण चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडा ठेवा. १२० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये, मांसाच्या मध्यात थर्मामीटर खुपसून ६३ अंशांपर्यंत, मग बाहेर काढून किमान ३ मिनिटं तसंच. वेळ दीड-दोन तास, पण घड्याळावर नाही, थर्मामीटरवर चाला. पूर्ण गार झाल्यावर फ्रिजमध्ये घट्ट करून, धाग्यांच्या आडव्या दिशेने शक्य तितके पातळ कापा. गरम असताना कापलं तर रस निघून जातो आणि काप चामड्यासारखे लागतात. धाग्यांच्या दिशेने कापलं तर मुलीला चावणार नाही, डबा परत येईल.

५६ ग्रॅम कापांत सोडियम २३०-२४० च्या आसपास बसतं. तुमच्या हॅममध्ये ५८०. ९ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाची मर्यादा १८०० आहे आणि सँडविचमधला ब्रेड, चीज मिळून आणखी ५०० सहज जातात, हे धरलं तर फरक मोठा आहे. फ्रिजमध्ये ३-४ दिवस टिकतं. निम्मं पहिल्याच दिवशी काप करून, मध्ये कागद घालून गोठवा.

खिम्याला ६३ अंश चालत नाहीत, ७१ लागतात. अख्ख्या तुकड्याला जिवाणू फक्त बाहेरून असतात, खिमा करताना ते आत मिसळतात. रंगावर जाऊ नका, खिमा ७१ च्या आधीच तपकिरी दिसू शकतो. आणि चरबी काढायची असेल तर परतल्यावर चाळणीत ओतून वरून गरम पाणी घाला, मग मसाल्यात टाका. चरबी बरीच जाते, प्रथिनं आणि लोह बहुतेक राहतं. मसाला आधी घातला तर तोही वाहून जाईल.

साष्टीकर

चोरीसबद्दल. ते खारवलेलंच मांस आहे, फक्त मिठाच्या जोडीला माडाचं व्हिनेगर, काश्मिरी मिरची आणि लसूण. मांसाचे आणि चरबीचे तुकडे मीठ लावून वजनाखाली ठेवतात, सुटलेलं पाणी टाकतात, मग मसाल्यात मुरवून आतड्यात भरून उन्हात आणि धुरावर सुकवतात. काही घरांत सोराही घालतात, म्हणजे नायट्रेट आलंच. व्हिनेगरमुळे पोषण सुधारतं असं नाही, ते टिकाऊपणासाठी. चरबीच्या बाबतीत ते बेकनच्या जवळ धरा. हिशेबाला पहिल्या गटात.

पण करायची गोव्याची रीतच शहाणपणाची आहे. माणशी ४-५ मणी (माळेसारख्या चोरीसचे छोटे गोळे) पुरतात. बाहेरचं आतडं काढून मणी वाटीभर पाण्यात मंद आचेवर २०-२५ मिनिटं शिजवायचे, मग त्यात चौघांना पुरेल इतका बटाटा आणि कांदा. मीठ वरून अजिबात नाही, बटाटा ते ओढून घेतो. वर लाल चरबी येते ती पळीने काढा, किंवा आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये थिजवून खरवडा. चोरीस कच्चं असतं, सुकलेलं दिसलं तरी पूर्ण शिजवायचंच. आणि सुट्टीहून परतताना बॅगेत घालू नका. भारतातून डुकराच्या मांसाचे पदार्थ अमेरिकेत नेता येत नाहीत, विमानतळावर जप्त होतात, आणि सांगितलं नसेल तर दंडही होतो. खारवलेली जीभ, जी गोव्यात बैलाची करतात, तिलाही हेच लागू.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. राज्यात गाय कापायला आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. मुंबई-पुण्यात मिळतं ते म्हशीचं-रेड्याचं. त्याला वरचे ८०-२० चे आकडे लावू नका. चरबी काढलेल्या कच्च्या १०० ग्रॅममध्ये १०० कॅलरीच्या आसपास, प्रथिनं २० ग्रॅम, चरबी दीड-दोन ग्रॅम, लोह दीड मिलिग्रॅमच्या वर. प्रथिनांच्या मानाने कॅलरी बघितल्या तर या धाग्यातल्या कुठल्याही मांसापेक्षा ते उजवं आहे. चरबी नसल्यामुळे खिमा कोरडा आणि दाणेदार होतो. अर्ध्या किलोला २ चमचे तेल आणि अर्धी वाटी दही घाला, तुकडे असतील तर कुकरला मंद आचेवर २५-३० मिनिटं. आधी कडक आचेवर परतत बसलात तर ते आणखी वातड होईल.

काळाचहा

दोन गोष्टी राहिल्या. गरोदर बाई, वयस्कर माणसं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी घरात असेल तर कापलेलं हॅम पाकिटातून थेट देऊ नका. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो. वाफ येईपर्यंत, ७४ अंशांपर्यंत गरम करून द्या. आणि लिनेझोलिडसारखं प्रतिजैविक किंवा नैराश्यावरच्या जुन्या एमएओ गटातल्या गोळ्या चालू असतील तर सलामीसारखे मुरवून सुकवलेले प्रकार पूर्ण बंद. त्यांतलं टायरामिन रक्तदाब एकदम चढवतं. ताजा खिमा त्याच दिवशी आणून शिजवला तर चालतो, पण कच्चा असताना फ्रिजमध्ये दोन दिवसांवर ठेवायचा नाही.